दख्खनमधील राखणीचे व शिकारी कुत्रे

दख्खनच्या पठारावर आणि सह्याद्रीच्या पूर्व उतारावर पिढ्यान्‌पिढ्या राखण, इशारा आणि शिकार यांसाठी पाळल्या गेलेल्या कुत्र्यांना 'दख्खनमधील राखणीचे व शिकारी कुत्रे' असे म्हणता येते. धनगरांच्या मेंढ्यांच्या कळपाबरोबर फिरणारे धनगरी कुत्रे, वाडीवस्तीवर घर, गोठा व पीक राखणारे गावठी कुत्रे आणि नजरेने सावज हेरून धावणारे कारवान अथवा मुधोळ जातीचे शिकारी कुत्रे हे यातील तीन मुख्य प्रकार होत. यांपैकी तिसऱ्या प्रकाराला श्वानसंस्थांनी 'जात' म्हणून मान्यता दिली आहे. उरलेले दोन्ही प्रकार वंशावळीवरून नव्हे, तर कामावरून ओळखले जातात. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात झालेल्या बिबट्यांच्या अभ्यासामुळे माणूस, कुत्रा आणि वन्य हिंस्र प्राणी यांच्यातील संबंधांना वैज्ञानिक साहित्यात महत्त्वाचे स्थान मिळाले आहे.

पार्श्वभूमी

कुत्रा हा माणसाने माणसाळवलेला पहिला प्राणी मानला जातो. जगाच्या निरनिराळ्या भागांत हवामान, जमीन आणि उपजीविकेचे साधन यांनुसार त्याच्याकडून निरनिराळी कामे घेतली गेली. उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फाळ प्रदेशात तो ओझे ओढणारा प्राणी झाला, डोंगराळ कुरणांत कळपाचा राखणदार झाला, तर मोकळ्या माळरानात शिकाऱ्याचा सोबती झाला. दख्खनच्या पठारावर पाऊस कमी व अनिश्चित असून गवताळ माळ विस्तीर्ण आहेत. मेंढपाळी आणि कोरडवाहू शेती येथे शेजारी शेजारी वाढली. त्यामुळे या प्रदेशात राखण आणि शिकार या दोन कामांना प्राधान्य मिळाले. ओझे ओढण्यासाठी बैल, घोडे व गाढवे असल्याने कुत्र्याला त्या कामाला जुंपण्याची गरज पडली नाही.

इतिहास

दख्खनमधील ताम्रपाषाणयुगीन वसाहतींच्या उत्खननात पाळीव जनावरांबरोबर कुत्र्याची हाडेही मिळाली आहेत. पुणे जिल्ह्यातील इनामगाव हे याचे उदाहरण होय. अहिल्यानगर जिल्ह्यातील श्रीरामपूर तालुक्यात प्रवरा नदीच्या काठी दायमाबाद हे प्रसिद्ध पुरातत्त्वीय स्थळ आहे. तेथे १९७४ मध्ये तांब्याच्या चार वजनदार मूर्ती सापडल्या. त्यांपैकी एका मूर्तीत बैलजोडी जुंपलेला रथ आणि तो हाकणारा पुरुष असून रथाच्या दांड्यावर कुत्रा उभा असलेला दिसतो. या मूर्तींच्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. तथापि माणसाच्या वाहनासोबत कुत्रा असल्याचे हे दख्खनमधील जुने चित्रण आहे. याच प्रवरा नदीचा उगम अकोले तालुक्यात रतनगडाच्या परिसरात होतो.

शिकारी कुत्र्याविषयीचा महत्त्वाचा शिलालेखीय पुरावा कर्नाटकातील मंड्या जिल्ह्यात आतकूर येथे मिळाला. इ.स. ९४९ च्या सुमाराच्या या लेखात राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण आणि गंग राजा दुसरा बूतुग यांचा उल्लेख आहे. रानडुकराशी झुंजताना मेलेल्या 'काळी' नावाच्या कुत्र्याच्या स्मरणार्थ हा दगड उभारला गेला. रानडुक्कर आणि कुत्रा यांची झुंजही त्यावर कोरलेली आहे.

मध्ययुगात आणि त्यानंतर दख्खनमधील सरदार व संस्थानिक यांनी शिकारीसाठी वेगवान कुत्रे पाळले. सध्याच्या बागलकोट जिल्ह्यातील मुधोळ या संस्थानाचे घोरपडे घराणे यासाठी विशेष प्रसिद्ध आहे. या घराण्याने स्थानिक शिकारी कुत्र्यांची निगुतीने पैदास केली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथील राजाने ब्रिटनचा राजा पंचम जॉर्ज याला या जातीचे कुत्रे भेट दिल्याचे सांगितले जाते. 'मुधोळ हाउंड' हे नाव त्यामुळे रूढ झाले.

प्रकार

धनगरी कुत्रा

धनगरी कुत्रा हा ठरावीक बांध्याचा नसतो. तो मध्यम अथवा मोठ्या चणीचा, आखूड किंवा मध्यम केसांचा असतो आणि त्याचा रंग काळा, तांबूस, बदामी किंवा पांढरा-ठिपकेदार असू शकतो. मेंढपाळ त्याची निवड रंगरूपावरून करत नाहीत. जागरूकता, आवाज, चालण्याची ताकद आणि मेंढरांना त्रास न देण्याचा स्वभाव या गोष्टी पाहिल्या जातात. पिल्लू लहानपणापासून कोकरांमध्ये वाढले की कळप हेच त्याचे कुटुंब होते. जे कुत्रे कोकरांच्या मागे धावते किंवा त्यांना चावते ते कळपात ठेवले जात नाही. अनेक पिढ्या चाललेल्या अशा निवडीतून राखणीचा स्वभाव टिकून राहिला.

गावठी कुत्रा

महाराष्ट्रातील खेड्यांत सर्वत्र आढळणारा गावठी कुत्रा हा भारतीय उपखंडातील मूळ स्थानिक कुत्र्यांच्या समूहात मोडतो. आखूड केस, निमुळते तोंड, उभे किंवा अर्धे दुमडलेले कान आणि वर वळलेले शेपूट ही त्याची सर्वसाधारण लक्षणे आहेत. उष्ण हवामान, अल्प अन्न आणि सततची वर्दळ यांना तो सरावलेला असतो. घरमालकाच्या अंगणात राहणारा, अनेक घरांच्या भाकरीवर जगणारा आणि पूर्णपणे मोकाट अशा तीन अवस्थांमधील सीमारेषा खेड्यात पुसट असते. ही बाब त्याच्या संख्येचे आणि आरोग्याचे नियोजन करताना अडचणीची ठरते.

कारवान व मुधोळ कुत्रा

उंच, सडपातळ, खोल छातीचा आणि लांब पायांचा हा कुत्रा दृष्टीवर अवलंबून शिकार करतो. पूर्ण वाढलेल्या नराची उंची साधारणतः ७० सेंटिमीटरच्या आसपास असते. व्यापारी तांड्यांबरोबर हे कुत्रे फिरत असत, म्हणून त्यांना 'कारवान' हे नाव मिळाले, अशी व्युत्पत्ती सांगितली जाते. खेड्यात 'कारवानी' असाही उच्चार केला जातो. कान व शेपटीवर रेशमी झालर असलेल्या प्रकाराला 'पश्मी' म्हणतात. केनेल क्लब ऑफ इंडिया ही संस्था या जातीची नोंद 'कारवान हाउंड' या नावाने, तर इंडियन नॅशनल केनेल क्लब 'मुधोळ हाउंड' या नावाने करते. भारतीय टपाल खात्याने २००५ मध्ये देशी कुत्र्यांवर काढलेल्या चार तिकिटांत या जातीचा समावेश होता. २०१६ मध्ये भारतीय सैन्याच्या मेरठ येथील रिमाउंट व पशुवैद्यकीय दलाच्या केंद्रात मुधोळ जातीच्या पिल्लांचे प्रशिक्षण सुरू झाले.

पारंपरिक कामे

कळपाची राखण

अहिल्यानगर जिल्ह्याचा पूर्व व मध्य भाग पर्जन्यछायेत येतो. येथील धनगर मेंढपाळ दख्खनी जातीच्या मेंढ्या पाळतात. पावसाळा संपल्यावर चारा-पाणी कमी होऊ लागते. तेव्हा अनेक कुटुंबे घोड्यांवर बिऱ्हाड लादून घाट उतरतात व कोकणाकडे जातात आणि पावसाळ्याच्या तोंडावर परत येतात. वाटेत शेतकऱ्यांच्या मोकळ्या रानात मेंढ्या बसवल्या जातात. लेंडीखताच्या मोबदल्यात मेंढपाळाला धान्य किंवा पैसे मिळतात.

रात्री मेंढ्या जाळीच्या कोंडवाड्यात असतात. या जाळीला 'वाघर' म्हणतात. कुत्र्याचे खरे काम याच वेळी सुरू होते. युरोपातील काही मेंढपाळ कुत्री कळप वळवण्याचे काम करतात. धनगरी कुत्र्याकडून ते अपेक्षित नसते. कळप वळवण्याचे काम मेंढपाळ स्वतः आवाजाने आणि काठीने करतो. कुत्रा बिऱ्हाडाच्या भोवती निरनिराळ्या दिशांना बसतो, परका वास किंवा हालचाल जाणवताच भुंकतो आणि गरज पडल्यास पुढे धावून जातो. लांडगा हा माळरानातील मुख्य धोका असून कोकरे त्याचे सोपे सावज ठरतात. घाटमाथ्याकडे आणि बागायती पट्ट्यात बिबट्याचा धोका अधिक असतो. लांडग्याला अनेक कुत्रे मिळून पिटाळू शकतात. बिबट्यासमोर मात्र एकटा कुत्रा टिकत नाही. त्याचे भुंकणे हेच अशा वेळी खरे संरक्षण असते, कारण त्यामुळे माणसे जागी होतात.

घर, गोठा आणि पीक

डोंगराळ वाड्यांमध्ये घरे विखुरलेली असतात आणि गोठा बहुधा घराला लागूनच असतो. रात्री जनावरांजवळ येणाऱ्या प्राण्याची चाहूल कुत्र्यामुळे लागते. भात, नाचणी, वरई, भुईमूग इत्यादी पिकांत रानडुक्कर व साळिंदर शिरतात. माळ्यावर राखण करणाऱ्या शेतकऱ्याबरोबर कुत्राही असतो. विंचू-सापाची चाहूल, परक्या माणसाची वर्दी आणि रानात गुरे चारताना सोबत ही कामेही त्याच्याकडे असतात.

शिकार

कारवान जातीच्या कुत्र्यांचा उपयोग ससा, हरिण वर्गातील प्राणी व रानडुक्कर यांच्या शिकारीसाठी केला जात असे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ लागू झाल्यानंतर अशी शिकार हा गुन्हा ठरला. या कुत्र्यांचे मूळ काम त्यामुळे संपुष्टात आले आणि त्यांची पैदास शेतराखण, शर्यती, प्रदर्शने व विक्री यांसाठी होऊ लागली.

अकोले तालुका

अकोले हा अहिल्यानगर जिल्ह्याच्या पश्चिम टोकाचा तालुका आहे. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई (१,६४६ मीटर), हरिश्चंद्रगड, रतनगड आणि भंडारदरा धरण ही येथील प्रमुख ठिकाणे होत. तालुक्याच्या पश्चिमेस अतिपावसाचा डोंगराळ प्रदेश असून तेथे महादेव कोळी व ठाकर समाजाची वस्ती मोठी आहे. पूर्वेस प्रवरेच्या खोऱ्यात पाऊस कमी होतो, पण धरण व कालव्यांमुळे शेती बागायती झाली आहे आणि उसाचे क्षेत्र वाढले आहे. उंच, दाट आणि अनेक महिने न हलवला जाणारा ऊस बिबट्याला लपण्यासाठी व पिल्ले वाढवण्यासाठी योग्य आसरा देतो. तोडणीच्या वेळी बिबट्याची पिल्ले सापडण्याच्या घटना त्यामुळेच घडतात.

विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी या तालुक्याच्या बागायती भागात स्वयंचलित कॅमेऱ्यांच्या साहाय्याने अभ्यास केला. २०१३ मध्ये 'प्लॉस वन' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दर चौरस किलोमीटरला ३०० हून अधिक माणसे राहत असलेल्या या शेतीच्या प्रदेशात दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे ४.८ प्रौढ बिबटे आणि सुमारे ५ पट्टेरी तरस होते. या क्षेत्रात मोठे तृणभक्षी वन्य प्राणी जवळजवळ नव्हते. तेव्हा हे बिबटे खातात काय, असा प्रश्न निर्माण झाला.

त्याचे उत्तर बिबट्यांच्या विष्ठेच्या विश्लेषणातून मिळाले. 'ओरिक्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार बिबट्यांनी खाल्लेल्या एकूण जैवभारात ८७ टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा होता आणि त्यात कुत्रा ३९ टक्क्यांसह पहिल्या क्रमांकावर होता. मांजरांचा वाटाही लक्षणीय होता. शेळ्यांची संख्या कुत्र्यांच्या सुमारे सातपट असूनही शेळ्यांचा वाटा केवळ ११ टक्के होता.

या तफावतीचे स्पष्टीकरण पशुपालनाच्या पद्धतीत आहे. शेळ्या दिवसा राखणीखाली चरतात आणि रात्री बंदिस्त असतात. कुत्रा मात्र राखणीचेच काम करत असल्याने रात्री बाहेर, अनेकदा उसाच्या फडाजवळ असतो. साखळीला बांधलेल्या कुत्र्याला पळताही येत नाही. अशा रीतीने राखणदार हाच बिबट्याचे मुख्य भक्ष्य ठरतो. शेळ्या-मेंढ्यांचे नुकसान तुलनेने कमी राहण्यात कुत्र्यांच्या उपलब्धतेचा वाटा असावा. उलट, उकिरड्यांवर वाढणाऱ्या मोकाट कुत्र्यांमुळे बिबट्यांना वस्तीजवळ कायमचे अन्न मिळते. या दोन्ही बाजूंमुळे कुत्र्यांच्या संख्येचा प्रश्न बिबट्यांच्या व्यवस्थापनापासून वेगळा काढता येत नाही. कचऱ्याची विल्हेवाट न लावता केवळ कुत्रे हटवले, तर भुकेला बिबट्या गोठ्याकडे वळण्याची शक्यता उरते; कुत्रे अनिर्बंध वाढू दिले, तर बिबट्याचे वस्तीजवळ येणे चालू राहते.

राखणीच्या कुत्र्याचे संरक्षण

बिबट्या कुत्र्याची मान किंवा गळा पकडतो. त्यामुळे कुत्र्याच्या गळ्यात बाहेरच्या बाजूस खिळे असलेला रुंद पट्टा बांधण्याची पद्धत अनेक प्रदेशांत आढळते. हिमालयातील गद्दी मेंढपाळ लोखंडी काटेरी पट्टा वापरतात आणि पश्चिम महाराष्ट्रातील बिबट्याप्रवण भागातही काही पशुपालक असे पट्टे वापरतात. पट्ट्यामुळे पहिली पकड चुकू शकते; तो संपूर्ण संरक्षण देत नाही. रात्री कुत्र्याला बंदिस्त पडवीत अथवा जाळीच्या आत ठेवणे, एकट्या कुत्र्याऐवजी दोन-तीन कुत्रे ठेवणे, उघड्यावर साखळीने न बांधणे आणि गोठ्याला भक्कम दार व छत करणे हे अधिक परिणामकारक उपाय मानले जातात. कुत्र्याचे ऐकणे व हुंगणे बंदिस्त जागेतूनही चालूच राहते, त्यामुळे इशारा देण्याचे काम थांबत नाही.

लोकधर्म व संस्कृती

दख्खनच्या लोकधर्मात कुत्र्याला मानाचे स्थान आहे. धनगरांसह अनेक समाजांचे कुलदैवत असलेल्या खंडोबाच्या मूर्तीत आणि चित्रांत घोड्याबरोबर कुत्राही दाखवला जातो. खंडोबा हे मार्तंडभैरवाचे रूप मानले जाते आणि भैरवाचे वाहन कुत्रा आहे. खंडोबाच्या सेवेला वाहिलेले 'वाघ्या' हे भक्त स्वतःला देवाचे कुत्रे समजतात. कोटंब्यात भिक्षा घेणे आणि ठरावीक विधींच्या वेळी कुत्र्याप्रमाणे भुंकणे ही त्यांची परंपरा आहे. जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी खंडोबा व धनगर समाज यांचा दीर्घकाळ अभ्यास केला. दत्तात्रेयाच्या रूढ प्रतिमेतील चार कुत्रे हे चार वेदांचे प्रतीक मानले जातात. 'वाघ्या' आणि 'मोत्या' ही कुत्र्यांची नावे महाराष्ट्रात घरोघरी ऐकू येतात.

सह्याद्रीतील आदिवासी समाजात वाघोबा या देवतेची पूजा होते. वसुबारसेच्या दिवशी अकोले व आसपासच्या डोंगराळ भागात 'वाघबारस' साजरी केली जाते आणि गुराढोरांचे रक्षण व्हावे अशी प्रार्थना वाघोबाला केली जाते. ज्याच्यापासून राखायचे त्याचीच प्रार्थना करण्याच्या या प्रथेतून हिंस्र प्राण्यांबरोबर राहण्याची जुनी रीत दिसते.

उत्तरेकडील जातींशी तुलना

उत्तर ध्रुवीय प्रदेशातील सायबेरियन हस्की, अलास्कन मॅलाम्यूट, ग्रीनलँड कुत्रा आणि सामोयेड या जातींचा उगम अतिशीत हवामानातील श्रमांशी निगडित आहे. दुहेरी केसांचे दाट आवरण, झुपकेदार शेपूट आणि दीर्घकाळ ओढण्याची क्षमता ही त्यांची वैशिष्ट्ये होत. सामोयेड कुत्र्यांचा उपयोग रेनडिअरचे कळप सांभाळण्यासाठीही होत असे. १९२५ मध्ये अलास्कातील नोम या गावी घटसर्पाची साथ आली, तेव्हा कुत्र्यांच्या घसरगाड्यांनी टप्प्याटप्प्याने सुमारे १,०८५ किलोमीटर अंतर साडेपाच दिवसांत कापून औषध पोहोचवले. बर्फावरून धावणारी यांत्रिक वाहने आल्यानंतर या कामाचे महत्त्व घटले. अंटार्क्टिकातून तर स्थानिक वन्यजीवांच्या रोगांपासून संरक्षणासाठी १९९४ पर्यंत सर्व कुत्रे हटवण्यात आले.

हिमालयातील मेंढपाळांचे कुत्रे या दोहोंच्या मध्ये येतात. त्यांचे केस दाट व शरीर भारी असते. काम मात्र धनगरी कुत्र्यासारखेच राखणीचे असते. दख्खनमधील कुत्र्याचे आखूड केस आणि हलका बांधा उन्हात दिवसभर चालण्यास सोयीचे आहेत. दाट केसांच्या उत्तरी जाती मैदानी महाराष्ट्रात उष्माघाताला लवकर बळी पडू शकतात. म्हणून राखणीसाठी त्या येथे उपयुक्त ठरत नाहीत. काम संपले की जातीचे स्वरूप बदलते, ही गोष्ट मात्र उत्तरेकडील घसरगाडीच्या कुत्र्यांना आणि दख्खनच्या कारवान कुत्र्यांना सारखीच लागू पडते.

सद्यस्थिती व समस्या

गवताळ माळरानांचे शेती, उद्योग व वसाहतींत रूपांतर झाल्याने मेंढपाळांच्या वाटा आणि चराऊ क्षेत्र आक्रसत आहे. मेंढपाळी सोडणाऱ्या कुटुंबांबरोबर धनगरी कुत्र्याची कामावर आधारित निवडही थांबते. जातिवंत म्हणून नोंद नसल्यामुळे त्याचा ऱ्हास गणनेत दिसत नाही.

आरोग्य हा दुसरा मोठा प्रश्न आहे. रेबीज हा रोग लक्षणे दिसू लागल्यावर जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. भारतात माणसाला तो मुख्यतः कुत्र्याच्या चाव्यातून होतो. चावा बसल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने सुमारे १५ मिनिटे धुणे आणि तातडीने लस घेणे आवश्यक असते. कॅनाइन डिस्टेंपर व रेबीज हे रोग कुत्र्यांकडून लांडगे, कोल्हे व बिबट्यांपर्यंतही पोहोचू शकतात. पाळीव कुत्र्यांचे नियमित लसीकरण आणि प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ नुसार निर्बीजीकरण हे त्यावरील मान्य उपाय आहेत. सतत स्थलांतर करणाऱ्या बिऱ्हाडांपर्यंत आणि दुर्गम वाड्यांपर्यंत या सेवा पोहोचवणे कठीण असते.

माळरानात कुत्रा व लांडगा यांच्या संकराचाही धोका आहे. पुणे जिल्ह्यात आढळलेल्या वेगळ्या रंगाच्या लांडग्यासारख्या प्राण्यांच्या जनुकीय तपासणीतून असा संकर झाल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात स्पष्ट झाले. भारतीय लांडग्याची संख्या मुळातच कमी असल्याने मोकाट कुत्र्यांशी होणारा संकर त्याच्या स्वतंत्र अस्तित्वाला बाधक ठरू शकतो. कळपाबरोबर बांधिलकीने राहणारा धनगरी कुत्रा आणि उकिरड्यावर जगणारा मोकाट कुत्रा यांत त्यामुळे फरक करणे आवश्यक ठरते. पहिल्यामुळे मेंढपाळाचे नुकसान टळते आणि लांडग्यावर सूड उगवण्याची वेळ येत नाही. दुसऱ्यामुळे मात्र लांडग्याचे अन्न, आरोग्य आणि वंश या तिन्ही गोष्टींवर ताण येतो.

हे सुद्धा पाहा

अकोले तालुका
कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य
धनगर
दख्खनी मेंढी
मुधोळ
भारतीय लांडगा
बिबट्या
खंडोबा
दायमाबाद